उघड्या पेटीची शांतता

प्रिय वहिनी,

इस्पितळातल्या तुमच्या वॉर्डच्या कामाविषयी तुम्हालाच लिहिते आहे, या आगाऊपणाबद्दल आधी क्षमा मागते. समोर असते तर बोलले नसते. मोठ्यांपुढे माझी जीभ टाळूला चिकटते, हे तुम्ही पाहिलेच आहे. ‘पुस्तकातली वाळवी’ म्हणून चिडवता ते खरेच, मला कागदावरच काय तो धीर येतो.

काल फोनवर तुम्ही हसत म्हणालात, “तुमच्या कंपनीच्या नव्या पेट्या रिकाम्या चालवून पाहिल्या, फार गुणी गं! जुन्या जरा दार उघडं राहिलं की किंचाळायच्या, या हूं की चूं करत नाहीत.” तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची ती उबदार पेटी. थंड होऊ लागली की तिने ओरडायलाच हवे. ते ओरडणे आमच्या प्रोग्रामचे काम, आणि तो प्रोग्राम तपासणे माझे.

किती तापमानाखाली ओरडायचे, तो आकडा प्रोग्रामला बाहेरून, एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे संगणकातल्या एका नाव दिलेल्या कप्प्यातून, मिळतो. आज मी तो मुद्दाम पुसला आणि प्रोग्राम डीबगरमधून, म्हणजे चुका शोधायच्या साधनातून, चालवला. खोटे कमी तापमान दिले, तर घंटा वाजली. आकडाच नाही, तर वाजली कशी? शोधता शोधता उमगले की डीबगर प्रोग्रामला थेट सुरू करत नाही. आधी शेल, म्हणजे हुकूम घेणारा मधला प्रोग्राम, उघडतो, आणि शेल उघडताक्षणी आपली सुरुवातीची फाइल वाचतो. त्या फाइलमध्ये आमच्या प्रमुखांनी कधीतरी सोयीसाठी तो आकडा लिहून ठेवला, आणि आम्ही सर्वांनी आपापल्या संगणकावर त्यांचीच फाइल उतरवून घेतली. मी पुसत होते, ती माझ्या पाठीमागे गुपचूप भरत होती. डीबगरशिवाय चालवला, तर प्रोग्राम मुका. आणि तुमच्या पेट्यांत ती फाइल नाहीच.

प्रमुखांना सांगितले. ते म्हणाले, “डीबगरमध्ये वाजते ना? मग झालं तर! बाहेर कुठे बोलू नकोस, बाई. उद्या पेट्या सुरू होतायत, आता अपशकुन नको.” मी मान डोलावली आणि जिन्यात बसून हे पत्र लिहायला घेतले.

उद्या सकाळी तुम्ही बाळांना नव्या पेट्यांत हलवणार आणि जुन्या पेट्या वॉर्डातून जाणार, म्हणून हे पत्र. ते वाचून नुसते ठेवून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा, माझ्या हुद्द्यासकट. नोकरी जाईल, ही भीती आहेच. पण तुमच्या हाताखालचे एखादे बाळ गार पडत जाईल आणि पेटी गप्प राहील, या भीतीपुढे ती फार लहान आहे. डॉक्टरांसमोर एक रिकामी पेटी गरम करा आणि ती गार होईपर्यंत तिचे दार उघडे ठेवा. वाजली, तर मी सर्वांचे पाय धरून माफी मागेन, आणि इतक्या आनंदाने कुणी कधी मागितली नसेल. नाही वाजली, तर एकाही बाळाला हलवू देऊ नका.

तुमचीच,
वाळवी
(पेट्यांच्या प्रोग्रामची तपासनीस)

पाठवले: मंगळवार, १२ मार्च २०२४, सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे.