आईच्या गळ्यातलं हाड

मी, कियोए होरिता, वय वर्षे शहात्तर, व्यवसाय चित्रकला, राहणार कानाझावा, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, अक्षर वाकडे आले ते चहा जास्त झाल्यामुळे, आणि मला कुणी भरीस घातलेले नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक थोरली बहीण सुमिए हिला द्यावी. मी लग्न केले नाही. तीच माझी एकटी वारस. मागचा नळ गळतो, तो तिने आधी दुरुस्त करून घ्यावा.

२. दगड कुटून केलेले रंग, ते कालवायच्या सरसाचे भांडे व कुंचले माझी विद्यार्थिनी रेइको हिला. सरस उकळू देऊ नये, चिकटपणा जातो. दहा वर्षे सांगते आहे.

३. हरणाची कवटी त्या समीक्षक महाशयांना, ज्यांनी "होरिताबाईंना मरणाचा शौक आहे" असे छापले. शौक कसला डोंबलाचा! चाळीस वर्षे मी हाडे, वाळके मासे, सडकी फळे रंगवली, कारण जीव गेल्यावर रंग कसा पालटतो हे मला अजून उमगलेले नाही. त्यांनीही एकदा नीट बघावे.

४. 'आई' हे चित्र संग्रहालयाने मागितले आहे. देऊ नये. ते सुमिएताईचे आहे. तिने ठेवावे, नाहीतर जाळावे.

कारण सांगणे भाग आहे. एकोणीस वर्षांपूर्वी आईचे दहन झाल्यावर आम्ही दोघी रीतीप्रमाणे लांब काड्यांनी एकेक हाड मिळून उचलत होतो, कलशात ठेवत होतो. सगळ्यात शेवटी गळ्यातले, बसलेल्या बुद्धासारखे दिसणारे. त्याची कडा फिक्कट गुलाबी होती. मी बघतच राहिले. उजेडाकडे वळवायला गेले, आणि ते निसटून फुटले.

ताई ओरडली, "अगं, आई आहे ती! तुझ्या चित्राचं सामान नाही!"

आणि मी मूर्खासारखे विचारले, "पण ताई, गुलाबी कशानं झालं असेल गं?"

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. चूक माझीच. घरी येऊन मी त्या हाडाचे चित्र काढले, तेच 'आई', ही दुसरी चूक. माझे सर्वांत चांगले चित्र तेच आहे, त्याला मी काय करू?

५. माझी हाडे उचलताना जोडीच्या काड्या सुमिएताईनेच धराव्यात. ती आली नाही तर दुसऱ्या कुणी उभे राहू नये. माझ्या हाडांचा रंग कसा निघतो हे मला दिसणार नाही, याची फार चुटपुट लागते. माझ्या वतीने तिने बघावे.

६. हे कलम आज सकाळी वाढवले. नोटरीला वारसाचा पत्ता हवा होता, म्हणून ताईला तिच्या गावी, हिमीला, फोन केला आणि पाचवे कलम वाचून दाखवले.

ताई म्हणाली, "मी एक्क्याऐंशीची आहे, शहाणे. तुझी हाडं उचलायला मी राहणार आहे का?"

"मग मी काय करू, ताई?"

"अंगावर मांस आहे तोवर ये की! हाडांचं काय घेऊन बसलीस?"

मला रडू फुटले, हे नोटरीसाहेबांच्या हरकतीनंतरही लिहीत आहे.

सबब, सही करून मी दुपारच्या गाडीने हिमीला जात आहे. चित्र सोबत आहे. ताई ते ठेवते की जाळते, हे मला आता डोळ्यांनी बघता येईल.

सही व शिक्का: कियोए होरिता

साक्षीदार:
तोकुजी मिनामी, चित्रांच्या चौकटी बनवणारे
हारुमी असानो, शेजारच्या तोफूच्या दुकानाच्या मालकीण

कानाझावा, ११ नोव्हेंबर २०२४