फोनवरचा हात

पुणे, १२ जानेवारी २००४

माय,

तुला अन् राणीला जयभीम. मी मजेत हाय. जेवण बराबर भेटतं.

काम काय करतो, इचारलं व्हतं ना तू? संगीत नाटकातल्या नटांना वायरलेस माईक लावतो. माईक तुरीच्या दाण्याएवढा. पहिल्या दिवशी एका बाईंच्या पदराला लावला, तं गाण्यापेक्षा शालूच जास्त वाजला, कडब्यावाणी. आता केसाच्या टोपाखाली, कपाळाच्या कडेला लपवतो.

मंग मी कानाला हेडफोन लावून बसतो. बाई कुठं दम घेतात, खोकला कसा गिळतात, समदं ऐकू येतं. खोकला यायच्या आधीच मी त्यांचा माईक बंद करतो. लोकायला पत्ता लागत न्हाई.

परवा हट्टा गावच्या एसटीडी बूथवरून बोलताना फोनवर हात ठेवून तू तीनदा खोकलली. मंग म्हणली, "बरी हाय मी." काहून लपवून राहिली, माय? हातानं आवाज झाकल्या जात न्हाई. माझं कामच ते हाय.

वसमतच्या डॉक्टरकडं सोमवारी जा.

राणी, मायला पत्र वाचून दाखवताना डॉक्टरची ओळ गाळू नको. तिनं कागदावर हात ठेवला, तरी वाच.

तुझं लेकरू,
भीमराज