शनिवार पाहिंगला मोठा हॉल भरलेलाच का असतो

तीर्थस्वरूप मोठे मामा, पाकदे यांना,

तुमच्या गुडघ्यांवर कपाळ टेकून (पत्रातून जितकं टेकता येतं तितकं) भाचा हनुंगचा नमस्कार. सोलोत आम्ही सगळे ठीक आहोत. आईची कंबर तशीच आहे, म्हणजे तिच्या मते रोज बिघडते आणि डॉक्टरांच्या मते तीन वर्षं जिथल्या तिथे आहे. तुमचा खोकला गेला का? तुम्ही मागच्या पत्रात सालातिगाच्या हवेचं पानभर कौतुक केलंत आणि खोकल्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत, त्यावरून तो आहेच असा आईने निष्कर्ष काढला आहे. सोबत तिने आल्याच्या वड्या पाठवल्या आहेत. होला पुन्हा घुमायला लागला का, की नवा पिंजरा त्याला अजून पसंत नाही? त्यालाही माझा नमस्कार सांगा. वयाने तो माझ्याहून लहान असला तरी तुमच्या घरात त्याचा मान मोठा आहे.

पत्राला तसं काही कारण नाही, सहज लिहितो आहे. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही सगळ्याला अदबीने 'इंग्गिह, इंग्गिह' (हो जी, हो जी) म्हणता आणि त्यातलं हो कोणतं आणि नाही कोणतं हे मामींना, आपल्या बुदेंनाच काय ते कळायचं.

कचेरीत सध्या थोडी गडबड आहे. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा तुमची खुर्ची, तुमचा पंखा आणि लग्नाच्या हॉलच्या बुकिंगचा तुमचा सगळा कोड माझ्या गळ्यात पडला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पंखा मधूनमधून बंद पडतो, खुर्ची करकरते, पण तुमचा कोड तीन वर्षं मुकाट्याने चालला होता. मागच्या महिन्यात पाक हार्जितो नावाचे एक निवृत्त शाळा तपासनीस आले. मुलीच्या लग्नासाठी त्यांना लग्नांच्या बेसार महिन्यातला शनिवार पाहिंग, म्हणजे पाहिंग हा बाजार-दिवस ज्या शनिवारी येतो तोच, हवा होता, आणि मोठाच हॉल हवा होता. मी बघितलं, तर भरलेला. ते म्हणाले, "कुणाच्या नावावर आहे तेवढं सांगा. मी त्यांच्या दारात जाऊन हात जोडतो." तिथे नावच नव्हतं. हॉल भरलेला होता आणि भरणारा कुणी नव्हता.

मालकीणबाई बु रेत्नोंनी (त्या अजून तशाच आहेत, फक्त आता चष्मा दोरीला बांधतात) जुन्या नोंदी काढायला लावल्या. मागचा शनिवार पाहिंग भरलेला. त्याआधी पस्तीस दिवसांचा, तोही भरलेला. असं करत करत आम्ही अठरा वर्षं मागे गेलो. एकाही नोंदीला नाव नाही आणि एकाही दिवशी लग्न लागलेलं नाही. बु रेत्नो इतकी वर्षं लोकांना सांगत आल्या होत्या की, आमचा हॉल म्हणजे काय, शनिवार पाहिंग तर कधी मिळतच नाही. पहारेकरी पाक वागिमान मात्र जराही दचकले नाहीत. ते म्हणाले, "मला केव्हापासून माहीत आहे. त्या दिवशी न दिसणाऱ्यांची लग्नं असतात. मी मागच्या पायरीवर फुलं आणि काळी कॉफी ठेवतो." कॉफी संपते का, असं माझ्या हाताखाली नव्याने आलेल्या गालिहने विचारलं. "संपते. मीच पितो. पण वास त्यांनी आधी घेतलेला असतो."

यावर बु रेत्नोंनी मला या गुरुवारपर्यंतची मुदत दिली. कारण सापडलं तर ठीक, नाही तर तुमचं सगळं काम उचलून फेकून द्यायचं आणि जकार्ताच्या एका कंपनीकडून नवं घ्यायचं. त्या कंपनीचा माणूस दोनदा केक घेऊन येऊन गेला आहे. (केक चांगला होता. मी तुमच्यापासून लपवत नाही.)

गालिहबद्दल मी लिहिलं नव्हतं. तो बांडुंगचा, पंचवीस वर्षांचा, आपल्या पाच बाजार-दिवसांतलं त्याला ओ की ठो कळत नाही. सात वार आणि पाच बाजार-दिवस यांची तीच जोडी पस्तीस दिवसांनी पुन्हा येते, हे मी त्याला दोनदा समजावलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, म्हणजे तुमच्याकडे आठवडासुद्धा साधा नाही." पण त्याच्याकडे एक साधन आहे. तुम्ही कोड कागदावर छापून लाल पेन्सिलीने शोधायचात, ते आता असं होतं: काळ्या पडद्यावर हवा तो शब्द टाईप करायचा. ते साधन सगळ्या फायली चाळतं आणि तो शब्द असलेली प्रत्येक ओळ क्रमांक घालून पुढ्यात ठेवतं. त्यातला क्रमांक दाबला की एडिटर उघडून आपल्याला नेमकं त्या ओळीवर नेऊन उभं करतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत. गालिह किती क्षण लागले तेही मोठ्याने वाचून दाखवतो, जणू घोडा त्याचाच आहे.

आम्ही 'पाहिंग' शोधलं. चारशे बारा ओळी. मी एकेक क्रमांक दाबत चारशे बारा ठिकाणी जाऊन आलो. सगळीकडे पाहिंग आपल्या चार भावंडांसोबत मुकाट्याने रांगेत उभा होता. मग गालिहने पस्तीस हा आकडा शोधला आणि तीन हजारांवर ओळी आल्या. त्यात एका टेबलाला भाजलेल्या मांसाच्या, सातेच्या पस्तीस काड्या होत्या, गाड्या लावायच्या पस्तीस जागा होत्या आणि माईकची लांबी पस्तीस मीटर होती. (एवढा लांब माईक कुणासाठी होता, पाकदे?) दोन दिवस मी असा उड्या मारत होतो. पूर्वी शोधायला वेळ लागायचा म्हणून माणूस आधी विचार करायचा. आता चुकीच्या जागी फार लवकर पोचता येतं, एवढा फरक पडला आहे.

तिसऱ्या दिवशी पाक हार्जितो समोर बसून रुमालाने कपाळ पुसत होते (ते रोज येतात, सोबत शनिवारचे नऊ आणि पाहिंगचे नऊ मिळून अठरा असा हिशेब मांडलेला ज्योतिषाचा कागद असतो). चहा देणारी बाई त्यांच्यासमोरून वाकून 'नुवुन सेवु', क्षमा असावी, म्हणत गेली, आणि मला तुम्ही आठवलात. तुम्ही मांजरीसमोरून जातानाही वाकून 'नुवुन सेवु' म्हणता. कुणाची क्षमा मागितल्याशिवाय तुम्ही आयुष्यात एक वेडीवाकडी गोष्ट केलेली नाही, मग ती कोडमध्ये तरी कशी कराल? मी तेच शब्द शोधले.

साठ ओळी आल्या. 'नुवुन सेवु, हजारावर पाहुणे मोजता येत नाहीत, वरचे उभे राहतील.' 'नुवुन सेवु, बु रेत्नोंच्या मावशीला निम्मं भाडं, कारण त्या मागतील आणि नाही म्हणवणार नाही.' 'नुवुन सेवु, ही ओळ का चालते मला माहीत नाही, कृपया हलवू नये.' गालिहने ती हलवली. त्यानंतर अर्धा तास आमच्या सहाही हॉलमध्ये एकाच नवरदेवाचं लग्न दिसत होतं. ओळ परत जागेवर ठेवल्यावर तो हळूच म्हणाला, "तुझ्या पाकदेंनी कोड लिहिलाय की माफीनामा?" मी म्हटलं, दोन्ही. पण शनिवार पाहिंगबद्दल त्या साठ ओळींत काही नव्हतं.

मग कळलं की हे साधन सगळं चाळत नाही. कुठे बघायचं नाही याची एक यादी असते, त्या यादीतल्या फोल्डरवरून ते न बघता पुढे जातं. गालिहने कामावर आल्या दिवशीच तुमचा 'जुनं' नावाचा फोल्डर त्या यादीत टाकला होता. जुन्यात काय असणार, हे त्याचं म्हणणं. यादी विसरून सगळीकडे बघ, असं मी साधनाला सांगितलं आणि एकसष्टावी ओळ आली. क्रमांक दाबला. कर्सर तिथे जाऊन उभा राहिला.

ती तुम्हाला पाठ असेल. तरी लिहितो. 'नुवुन सेवु. मोठ्या हॉलची मागची भिंत आमच्या पडवीला लागून आहे. शनिवार पाहिंगला हॉल भरलेला दाखवावा. बु रेत्नोंना विचारायला जीभ उचलली नाही. चूक सर्वस्वी माझी.' बुदे गेल्या तो शनिवार पाहिंगच होता; ओळीची तारीख त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर दोन दिवसांची.

मला वाईट वाटलं, हे सरळच लिहितो. शाळेची चार वर्षं मी तुमच्या घरी काढली, त्यातलं शेवटचं बुदेंशिवाय. मधूनच एखाद्या शनिवारी तुम्ही पडवीत दिवसभर बसून राहायचात आणि मला वाटायचं, तुम्ही पक्ष्याचं घुमणं ऐकताय. त्या दिवशी भिंतीपलीकडे लग्नाचं गामेलान वाजत नाही, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. गालिहने माझ्या खांद्यावरून ते वाचलं आणि जाऊन दोघांना चहा घेऊन आला. तो कधी कुणाला चहा आणत नाही.

बु रेत्नोंना मी अजून काही सांगितलेलं नाही. 'सापडत आलंय' एवढंच म्हणतो. पाक वागिमान या वेळीही कॉफी ठेवणार आहेत. बाकी सर्व क्षेम. आल्याच्या वड्या दिवसाला दोनच, असं आईने बजावलं आहे.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
हनुंग

ता. क. पत्र सहज लिहितो आहे असं वर म्हटलं, ते खरं नाही. गुरुवारच्या आत मला तुमची परवानगी हवी आहे. तुम्ही सालातिगाला गेल्यापासून त्या पडवीत कुणी बसत नाही, घरातला भाडेकरू दिवसभर स्वतःच गाणी लावतो. तरीही ती ओळ तुमची आहे आणि तुम्हाला विचारल्याशिवाय मी तिला हात लावणार नाही.

आणखी ता. क. पाक हार्जितोंच्या मुलीचं नाव निंग्रुम. तिचं लग्न माझ्याशी आहे. आईला सगळं माहीत आहे, फक्त दिवस सांगितलेला नाही. ज्या दिवशी आपलं माणूस गेलं त्या दिवशी आपण मांडव घालत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. पाक हार्जितोंनी मला तोंडावर विचारलं होतं, तुमच्या आईवडिलांपैकी कुणी शनिवार पाहिंगला गेलंय का? मी नाही म्हणालो. बुदे आईवडिलांत मोजत नाहीत, म्हणून उत्तर कागदावर बरोबर होतं. घरी पोचेपर्यंत ते बरोबर वाटेना. तीन वर्षं माझा डबा त्यांनी भरला. निंग्रुमला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझे पाकदे नको म्हणाले तर पुढच्या वर्षीपर्यंत थांबू. बाबांना मी बघते." तिचे बाबा तिने बघितलेत, मीही बघितलेत, त्यामुळे हे बोलायला तिला किती धीर लागला ते मला कळतं. हे पत्र आणणाऱ्या बसचालकाकडेच उत्तर द्या, आणि कृपा करून त्यात 'इंग्गिह' लिहू नका.

शेवटचा ता. क. तुमची ओळ मी पुसलेली नाही आणि पुसणारही नाही. तुम्ही हो म्हणालात तरी बाकीचे सगळे शनिवार पाहिंग भरलेलेच राहतील. बु रेत्नोंना काय सांगायचं ते मी बघेन, माझी जीभ तुमच्याहून थोडी हलकी आहे. त्या ओळीखाली मी फक्त माझी एक लिहून ठेवली आहे, अजून चालू केलेली नाही: 'नुवुन सेवु, बुदे. एवढा एकच दिवस. पाकदे त्या दिवशी पडवीत नसतील, मांडवात तुमच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसलेले असतील.'