चेटकिणीच्या हातावरची मेंदी

पिंकीच्या बाबांना मुंबईहून विमलेशचा नमस्कार.

मी बरी आहे, दोन वेळचं नीट जेवते. मी चेटकीण झालेला तो सिनेमा मात्र पडला. करवा चौथच्या दुसऱ्याच दिवशी शूटिंग होतं; कितीही पावडर थापली तरी हातावरची मेंदी लपेना. पडद्यावर दारातून माझा हात आत आला, तर किंचाळायचं सोडून मागून एकजण ओरडला, "अरे, चेटकिणीचं लग्न ठरलंय वाटतं!" सगळं थिएटर खिदळलं.

अम्मांचा गुडघा कसा आहे? पिंकी झोपताना मला शोधते का?

सिनेमा बघू नका म्हणणार होते, पण बघाच. जे नाव मी कधी तोंडाने घेत नाही, ते त्या मेंदीत होतं. लोक हसत होते आणि मी भिंतीएवढं झालेलं तुमचं नाव वाचत होते.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून,
विमलेश