माश्यांना सांगितलेलं

३ मे, बुधवार
पोचले एकदाची मार्केट ऑल्डनला! नेमका बाजाराचा दिवस. चौकातल्या दगडी क्रॉसभोवती चीज, कोंबड्या, फुलझाडं आणि बायकांची ही गर्दी. धाकटी रोझलिंड न्यायला आली होती. वाटेत जो तो टोपी उचलून तिची विचारपूस करत होता. घर चौकालाच लागून, तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे एडमंडच्या आजोबा-पणजोबांचं. बेकरीवाली मिसेस टॉजर मला बघून म्हणाली की बहिणी वाटत नाही हो तुम्ही. मी हसले. एडमंड आधी माझ्याकडे यायचा, हे या गावाला कोण सांगणार?

७ मे
बागेत मधमाश्यांच्या पेट्या आहेत. घरात लग्न झालं, कुणी गेलं, की घराच्या किल्लीनं पेटी ठोठावून माश्यांना सांगायचं, ही इथली रीत. नवी मालकीण आली की तिनं स्वतःचं नाव सांगायचं. लग्नाच्या दिवशी किल्ली ठोठावताना रोझलिंडला हसूच आवरेना म्हणे. बाईसाहेबांना मध आवडतसुद्धा नाही! चणे आहेत तिथं दात नाहीत. माझा नुसता जळफळाट झाला.

१० मे
एडमंडनं आज सगळ्यांसमोर तिच्या टोपीत लिलॅकचं फूल खोवलं. मग दोघं हातात हात घालून बाजारात गेली. मी खुंटीवरची किल्ली घेतली आणि पेटी ठोठावली.

"तुमची मालकीण मेली. आता मी आहे, हेस्टर."

गंमत म्हणून हो. गुणगुण एकदम थांबली. मी आत येऊन चहा टाकला.

११ मे
रोझलिंडला ताप भरलाय. पाव आणायला गेले तर मिसेस टॉजर मला मालकीणबाई म्हणाली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

१४ मे
डॉक्टरला काही कळेना. पोर वाळत चाललीय. आज विचारत होती, ताई, माश्या गप्प का झाल्यात गं? मी धावत जाऊन किल्ली ठोठावली. मालकीण जिवंत आहे, मी खोटं बोलले, म्हटलं. किती वेळा म्हटलं! एक माशी हलेल तर शपथ.

१६ मे
गेली.
एडमंड रीतीप्रमाणे सांगायला बागेत गेला. परत येऊन म्हणाला, त्यांना आधीच माहीत होतं. माझ्याकडे बघतच राहिला.

२४ मे
आता मला बघून टोप्या उचलतात. तिची खुर्ची, तिची किल्ली, सगळं माझं. एडमंड समोर बसून जेवतो. मी ताट तसंच सारून उठते.

२७ मे
अंगात कणकण. माश्या पुन्हा गुणगुणताहेत — माझ्याच खिडकीखाली.

२८ मे, भर दुपार
एडमंड चर्चमध्ये. घरात मी एकटी. बागेत पेटी ठोठावतंय कुणीतरी — किल्ली तर माझ्या कमरेला —
तिचंच हसू. तोच आवाज. सांगतेय त्यांना —
मी ओरडले, जिवंत आहे गं मी, रोझ, ऐक, जिवंत —
गुणगुण थांबली.
हात जड — पेन — ती माझं नाव घेऊन म्हणतेय की तुमची मालकीण —