घरी कोण नेणार?

६ ऑक्टोबर

आजपासून चार दिवस मला संडास आहे! म्हणजे माझा आणि शेजारच्या खाटेवरच्या एलादियोचा. पण तो कमरेचं हाड मोडून पडलाय, त्याला तिथवर पोचायला पाव तास लागतो.

मार्चपासून शौचाला रक्त पडतंय. दवाखान्यानं दुर्बिणीनं तपासायची तारीख दोनदा दिली, दोनदा मी बुडवली. आदल्या दिवशी जुलाबाचं औषध प्यायचं असतं, चार लिटर. पुलाखाली राहून ते प्यायचं कसं? पेट्रोल पंपवाला संडासाची किल्ली एकदा देतो, तीही तोंड वाकडं करून. शेवटी नर्स मार्वानं या आसऱ्यात खाट मिळवून दिली. रस्त्यावरच्या आजारी माणसांनी इथं यायचं, बरं व्हायचं, निघायचं.

एलादियो छपरं घालायची कामं करायचा. म्हणतो, "छपरावरून पडलो, तेव्हा कुठं डोक्यावर छप्पर आलं."

७ ऑक्टोबर

बूट घालूनच झोपलो. सवय! पुलाखाली बूट काढले की सकाळी दुसऱ्याच्या पायात दिसतात. एलादियो म्हणाला, "झोपेत कुठं निघाला होतास रे म्हाताऱ्या?" माझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहे हा.

८ ऑक्टोबर

आज जेवण बंद. पाण्यासारखं सूप आणि जेली – तीही लाल सोडून, कारण लाल जेली आत रक्तासारखी दिसते. एलादियोनं मुद्दाम लाल मागवली आणि माझ्याकडे तोंड करून चमच्या-चमच्यानं खाल्ली.

चार वाजता औषध सुरू. खारट, वर लिंबाचा खोटा वास. दर फेरीला एलादियो खाटेवरून सलाम ठोकतो. "या साहेब. काय, बैठक कशी झाली?"

मग मार्वा फोन ठेवून आली, चेहरा पडलेला. भुलीनंतर एकट्याला सोडत नाहीत. दवाखाना विचारतोय, "घरी कोण नेणार?" नेणारा नाही आणि घरही नाही! आसऱ्यातला एकजण येणार होता, तो तापानं पडलाय. माणूस नसेल तर तपासणी रद्द, पुढची तारीख जानेवारीत. तेव्हा खाट मिळेलच कशावरून? एवढा रिकामा झालो ते सगळं फुकट. मला रडू आलं. संडासातच रडलो.

बाहेरून एलादियोनं दार वाजवलं. "मी येतो उद्या. आता आवर, मलाही जायचंय."

९ ऑक्टोबर

गेलो. तो वॉकरवर, मी उपाशी. दवाखान्याच्या खिडकीतल्या बाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"यांना तुम्ही नेणार?"

"हो. कोण कुणाला धरतंय ते तुम्ही बघू नका."

"नातं काय?"

"मेहुणा. यानं माझ्या बहिणीला फसवलंय, म्हणून नजर ठेवून असतो."

तिनं न हसता लिहून घेतलं. मार्वा ऐकती तर तिनं कपाळावर हात मारला असता.

भूल उतरल्यावर पहिला दिसला तो हाच. खुर्चीत तोंड उघडं टाकून घोरत होता, मांडीवर माझे बूट घट्ट धरलेले. कुणी माझी वाट बघत बसल्याला किती वर्षं झाली, आठवेना. बरं वाटलं. त्याला सांगितलं नाही, नाहीतर डोक्यावर बसेल.

डॉक्टरांनी आतला तुकडा काढून तपासायला पाठवलाय. आठवडा लागेल. परतताना गाडीत वाटभर हा ड्रायव्हरला सांगत होता, भुलीत मी गाणं म्हटलं. मी म्हटलं नाही. बहुतेक.

१० ऑक्टोबर

मार्वानं रिपोर्ट येईपर्यंत माझी खाट वाढवून घेतली. एलादियो म्हणतो, "घरजावई झालास लेका."

१६ ऑक्टोबर

कॅन्सर आहे. मार्वानं सकाळी खाटेवर शेजारी बसून सांगितलं. एलादियो पलीकडेच होता, त्यानं सगळं ऐकलं. दिवसभरात एकही टोमणा मारला नाही त्यानं.