केळीच्या पट्ट्यातलं थंड बेट

१ मे
निर्धार. भूगोल यंदा सुटणार म्हणजे सुटणार. दोनदा राहिला, त्यात माझा दोष नाही. मी पर्यावरणशास्त्राला आलो पृथ्वी वाचवायला, आणि हे लोक समताप रेषा काढायला लावतात! पण आता शेवटचा चान्स. प्रॅक्टिकल गेलं तर थर्ड इयर नाही. म्हणजे एक वर्ष मागे असलेली धाकटी बहीण मोहिनी थेट माझ्या वर्गात. हे होणे नाही.
भिरूड सरांनी प्रोजेक्ट दिलाय : गावी जाऊन रोज दुपारी अडीचला तापमान आणि आर्द्रता नोंदवायची. एवढंच? हसू आलं.

३ मे, दु. २:३०
गाव. चारी बाजूंनी केळी. अंगणातल्या निंबाखाली तापमान-आर्द्रतेचं यंत्र टांगलं. ४४. यंत्र ठणठणीत, मी आडवा. आईने पन्हं दिलं, सोबत बोलणीही.

४ मे
पुस्तक उघडलं. यंत्राला सावली हवी, हवा खेळती हवी. निंबाखाली कुठली आलीय हवा? पान हलत नाही. कालची नोंद अशास्त्रीय, सबब रद्द.
पुढच्या खोलीत मात्र सावली भरपूर. आणि कूलरसमोर हवा इतकी खेळते की कॅलेंडर फडफडतं. यंत्र तिथल्याच खिळ्याला लावलं. खाटही ओढून घेतली, निरीक्षणासाठी.

५ मे
३०. आर्द्रता ७८. झोप उत्तम.

८ मे
रोज तीस-एकतीस. मोबाइल म्हणतो भुसावळ ४५. आधी यंत्रावर शंका आली. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. केळी! एवढी पानं, एवढं बाष्प. गाव गार होणारच. वरणगावपासून हाकेच्या अंतरावर थंड हवेचं ठिकाण, आणि आजवर एकाही भूगोलवाल्याला पत्ता नाही. तरी मलाच नापास करतात.

९ मे
शोध मोहिनीला सांगितला. म्हणाली, दादा, एकदा ओट्यावर येऊन बघ. शास्त्र असं ओट्यावर चालत नसतं. तीही पुढच्या वर्षासाठी नोंदी घेतेय, ओढणी गुंडाळून निंबाखाली उभी राहून. तिचे आकडे ४४, ४५. बिचारी. पद्धतच चुकीची.

११ मे
कूलरमध्ये पाणी भरायची पाळी म्हणे माझी. संशोधकाने बादल्या उचलायच्या! मुद्दाम उशीर केला. अडीचला ३६. किरकोळ स्थानिक चढउतार.

१३ मे
जीवराम आबा शेतातून आले. आजोबांचं वय झालं तरी केळी सोडवत नाही. डोक्याला रुमाल, चेहरा लालबुंद. विचारलं, आबा, केळीत गार वाटत असेल ना? म्हणाले, "पानं करपू राह्यली, अन् तुले गार वाटते? घराबाहेर निंघ जरा!"
हे अनुभवाचं मत झालं, आकडेवारी नव्हे. नोंदवलं नाही.

१६ मे
सकाळपासून लाइट नाही. अंगाची लाही. आणि त्यात यंत्र बिघडलं, अडीचला ४१! नोंद खोडली. शेरा : यांत्रिक दोष.
साडेचारला लाइट आली. पाचला यंत्र आपोआप दुरुस्त.

२२ मे
नकाशा तयार. समताप रेषा आमच्या गावाला वळसा घालून नेली. फार देखणी दिसते. आई म्हणाली, खाटेला पाठ चिकटली असेल, भाकरी तरी उठून खा. या घरात विज्ञानाला वाव नाही.

२८ मे
उद्या जळगावला प्रॅक्टिकल. परीक्षक बाई धुळ्याच्या आहेत. धुळ्याकडे केळीचा पट्टा नाही, त्यामुळे त्यांना सगळं मुळापासून समजवावं लागेल. तयारी आहे.

२९ मे
भरभरून बोललो. बाष्प, पानं, वळसा. बाई शांतपणे नोंदी चाळत होत्या. शेवटी एकच प्रश्न : सोळा तारखेला तुमच्याकडे लाइट गेली होती का?
थक्क झालो. धुळ्यात बसून यांना कसं कळलं? हो म्हटलं.
बाई म्हणाल्या, मग ती नोंद खोडलीत का? त्यातल्या त्यात तीच खरी वाटते.
भिरूड सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. उचकी असावी.

३० मे
उचकी नव्हती.
खोलीत पडलोय. कूलर बंद ठेवलाय. वाईट वाटतंय, खूपच वाटतंय. मोहिनी हसली असती तर बरं झालं असतं. उलट माझ्या वाट्याच्या बादल्याही तिनेच भरल्या.

१ जून
सरांचा फोन. वर्ष गेलंच आहे, निदान उन्हाळा वाया घालवू नका. नोंदी उद्यापासून, दोघांच्या गटात. गटप्रमुख मोहिनी.
हरकत नाही. नेतृत्वाची मला कधीच हाव नव्हती. फक्त उन्हात उभं राहण्याबद्दल तिच्याशी नीट बोलावं लागेल.

२ जून, दु. २:३०
बोलणी फिसकटली. आबांचा रुमाल बांधून निंबाखाली गेलो. मोहिनी म्हणाली, वाच दादा, मी लिहिते.
वाचलं. ४४.
३ मेलाही हाच आकडा आला होता.